ताटावरून उठलेला पेत्र

नांदेड, २५ एप्रिल २०२५

आप्पा,

प्रभूमध्ये सलाम. बाकीचे मानाचे शब्द गाळले आहेत, ते मुद्दाम.

तुम्ही माझा फोन उचलत नाही. मायला विचारलं की ती म्हणते, "मळ्यात गेल्यात." सकाळी केला तरी मळ्यात, दिवेलागणीला केला तरी मळ्यात. आपल्याला मळा आहे हे मला या आठवड्यातच कळलं. म्हणून पत्र लिहिते आहे. पाळक म्हणून तुमचा उभा जन्म बायबलमधली पौलाची पत्रं मंडळीला वाचून दाखवण्यात गेला. दुसऱ्यांच्या नावाने आलेली पत्रं इतक्या प्रेमाने वाचणारा माणूस स्वतःच्या नावाचं पत्र चुलीत घालणार नाही, एवढा भरवसा अजून आहे.

झालं ते आधी सरळ लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी "तसं नव्हतं गं" म्हणायला नको.

ईस्टरच्या आदल्या दिवशी मी देवणीला एसटीतून उतरून वाडीत आले. मायचं मनगट सुजलं होतं. प्रभुभोजनात तुकडे करून वाटायच्या पोळ्या दरवेळी तीच करते, बिनमिठाच्या, तेलाचा हात न लावलेल्या. या वेळी तिने परात माझ्यापुढे सरकवली. तुम्ही उंबऱ्यात बसून उपदेशाची तयारी करत होता. चष्म्यावरून बघून म्हणालात, "पातळ लाट. नाताळात लई जाड झाल्त्या." म्हणजे पोळ्या कोण लाटतंय हे तुम्हाला चांगलं माहीत होतं.

सकाळी उपासनेला लातूरहून अमृतराव आले. आपल्या मंडळ्यांच्या जिल्हा कमिटीचे सेक्रेटरी, म्हणून त्यांना पुढे खुर्ची. आपण बाकीचे सतरंजीवर. तुम्ही ताट घेऊन बायकांच्या रांगेत आलात. मायला तुकडा दिलात. तिच्या शेजारी मी होते, हात पुढे केलेला. तुमची नजर माझ्या डोक्यावरून गेली आणि तुकडा माझ्या पलीकडे बसलेल्या लिंबाजीच्या सुनेच्या हातावर पडला. माझ्या हातची पोळी सगळ्या मंडळीला चालली, माझा हात तेवढा चालला नाही.

कारण मला ठाऊक आहे. मी कॅथलिक माणसाशी, कॅथलिक चर्चमध्ये लग्न केलं. अमृतरावांच्या मते जी पोपच्या गादीखाली बसली ती प्रभूच्या मेजावरून उठली. पण आप्पा, नाताळातही मी याच आनंदराजची बायको होते. तेव्हा तुम्ही मला तुकडा दिलात आणि वर डोक्यावर हात ठेवलात. नाताळ आणि ईस्टर यांच्यामध्ये माझं काही बदललं नाही. एक खुर्ची तेवढी वाढली.

सोमवारी मी नांदेडला परतले तर घरात सुतक. पोप वारल्याची बातमी आली होती. सासूबाई, पंचफुलाबाई, पदर तोंडाला लावून टीव्हीसमोर बसल्या होत्या, घरातला कर्ता माणूस गेल्यासारख्या. आता तुमच्या लेकीने काय करावं? मी पोपना मानत नाही. आपल्या शिष्याला, पेत्राला, प्रभूने स्वर्गाच्या किल्ल्या दिल्या असतील, पण त्या रोमच्या एका माणसाकडे वारशाने येतात हे मला कधी पटलं नाही, आणि हे मी आनंदराजला लग्नाआधीच सांगितलेलं आहे. तरी मी चहा ठेवला आणि सासूबाईंजवळ जाऊन बसले. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "गावाकडं भोजन मिळालं का गं तुला?" त्यांच्या चर्चमध्ये मला ते मिळत नाही हे त्यांच्या मनाला लागतं. मी म्हणाले, मिळालं. सुतकातल्या बाईशी खोटं बोलायला लावलंत तुम्ही मला.

मला जे हवंय ते एका ओळीत मावतं. प्रभूचं भोजन, माझ्या मंडळीत, तुमच्या हातून. आनंदराजच्या चर्चमध्ये ते मागायचा मला हक्क नाही आणि मी मागतही नाही. तुमच्याकडे आहे. तेव्हा उत्तर द्या.

राजकन्या


नांदेड, ११ मे २०२५

आप्पा,

उत्तर नाही. ठीक आहे. पौलालाही सगळ्या पत्रांची उत्तरं आली असतील असं वाटत नाही.

गुरुवारी रोममध्ये नवे पोप निवडले गेले. टीव्हीवर पांढरा धूर दिसला आणि सासूबाईंनी शेजारपाजारी पेढे वाटले. सुतक फिटलं, आणि आनंदराजचं आणि माझं भांडण जुंपलं.

मी तुमची सगळी शिकवण बाहेर काढली. प्रभू ज्या खडकावर मंडळी बांधणार म्हणाला तो पेत्र नव्हे, 'तू ख्रिस्त आहेस' ही पेत्राने दिलेली कबुली. किल्ल्या एकट्याला नाहीत, सगळ्या शिष्यांना. शिवाय पेत्राला सासू होती, म्हणजे बायको होती, मग त्याच्या गादीवर बसणाऱ्यांना का नाही? आनंदराज म्हणाला, "सासू व्हती म्हनूनच तर मासं धरायचं जाळं सोडून प्रभूमागं निघाला." सासूबाई तिथेच बसल्या होत्या. त्याही हसल्या.

मग तो गंभीर झाला. त्याचं म्हणणं मी त्याच्याच शब्दांत लिहिते, कारण ते तुम्ही कधी नीट ऐकून घेतलेलं नाही. "घरात एक थोरलं लागतंय, राजकन्या. प्रभूनं मेंढरं सांभाळ म्हनून तीनदा सांगितलं ते एकाच मानसाला, आन् तो बी 'मी ह्याला वळखत न्हाई' म्हनून तीनदा नाकारनारा. थोरलं नसलं की घराची काय दशा व्हती ते उदगीरला जाऊन बघ. एका गल्लीत पाच मंडळ्या, पाच बोर्ड, दर बोर्डावर पाळकाचा फोटू आन् मोबाईल नंबर. आमचा पोप एक हाय. तुमच्यात दर बोर्डाला एक हाय."

त्या पाचातल्या दोन मंडळ्या तुमच्याशीच भांडून निघाल्या आहेत. पण वादात हरले म्हणून मी मत बदललं नाही. थोरलं माणूस लागतं हे मान्य. थोरलं माणूस चुकत नाही, हे मी तुमच्या घरात वाढूनही कधी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डबा खाताना मी हाच विषय काढला. आम्ही तिघी नर्स एकत्र जेवतो, मी, विशाखा आणि केरळची मरियाम्मा. मरियाम्माची मंडळी फार जुनी, रोमच्या पोपची नाही आणि आपल्यासारखी मिशनऱ्यांनी काढलेलीही नाही. तिचं मत तिसरंच निघालं. "पेत्र पहिला. पण पहिला म्हणजे मालक नाही. लग्नात मोठे काका पुढे बसतात ना, तसा. जेवण काय करायचं ते सगळे मिळून ठरवतात." विशाखा बौद्ध आहे, तिच्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली. तिने माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी आपल्या भाकरीवर ओढून घेतली आणि म्हणाली, "काकाचं जाऊ दे. तू ईस्टरपासून तोंड पाडून का बसून राहिलीस ते सांग."

मी सांगून टाकलं. विशाखाचा घास हातातच राहिला. "म्हंजी तुमच्यात बी ताट येगळं करत्यात? आन् तुझा बाप तर कपाचा किस्सा सांगत फिरतो म्हनली व्हतीस."

तोच किस्सा. नायगावच्या बाजारात हॉटेलाबाहेर आपल्या लोकांसाठी कान तुटलेला कप वेगळा ठेवलेला असे, आणि तुम्ही लहानपणी चहा पिऊन तो स्वतः धुऊन पालथा घालायचात. हा किस्सा संपला की तुम्ही अंत्युखियाच्या उपदेशाकडे वळायचात. मी तो उपदेश विशाखाला तिथेच ऐकवला. अंत्युखियात पेत्र परक्या, म्हणजे यहुदी नसलेल्या, लोकांतून आलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर एका मेजावर जेवत होता. मग यरुशलेमेहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब, त्याच्याकडची माणसं आली. ते काय म्हणतील या भीतीने पेत्र ताटावरून उठला आणि वेगळा बसू लागला. तेव्हा पौलाने सगळ्यांदेखत, तोंडावर, तू चुकतो आहेस म्हणून सांगितलं. इथे तुम्ही टेबलावर हात आपटायचात. "जो पेत्र सोता चुकला, त्याच्या गादीवरचा मानूस चुकत न्हाई म्हनं." अख्खी मंडळी मान हलवायची. मीही हलवायची.

विशाखाने घास चावून संपवला आणि विचारलं, "मग तो लातूरहून आला तो कोन गं?"

आप्पा, मला हे आधी सुचायला हवं होतं. नाताळात तुम्ही माझ्याबरोबर जेवलात. मग लातूरहून माणूस आला आणि तुम्ही उठलात. आयुष्यभर पौलाच्या बाजूने बोललात आणि वेळ आली तेव्हा पेत्र झालात. पेत्राची गादी खरोखर रोमला आहे की नाही हा वाद चालू द्या. या ईस्टरला ती आपल्या वाडीत होती आणि तिच्यावर तुम्ही बसला होता.

राग आला असेल. येऊ द्या. रागात का होईना, लिहा.

राजकन्या


किनवट, ३ जून २०२५

आप्पा,

रजा घेऊन इकडे आनंदराजकडे, त्याच्या नोकरीच्या गावी आले आहे. वसतिगृहात अजून पोरं आलेली नाहीत. तो अधीक्षक असूनही स्वतः खाटांना रंग देत बसला आहे, आणि मी त्याच्या टेबलावर हे लिहिते आहे.

काल मायचा फोन आला. तुमचा निरोप तिने पाठ केल्यासारखा सांगितला. "कमिटी म्हनती, एक ओळ लिहून दे. मी पोपचं वर्चस्व मानत न्हाई, खाली सही. मग समदं पयल्यावानी. आप्पा बी लिही म्हनत्यात." मी विचारलं, तू काय म्हणतेस? ती म्हणाली, "मी कुनाच्याच बाजूची न्हाई. माझं मत कुनी इचारलं न्हाई आजवर, तू बी इचारू नको." आणि फोन ठेवला.

मी लिहून देणार नाही.

आनंदराजलाही हे कळलं नाही. हातात ब्रश घेऊन म्हणाला, "दे की लिहून. खोटं थोडीच हाय? तू मानत न्हाईस हे मला लग्नाआधीपासून म्हाईत हाय. मला राग यायचा न्हाई." तुम्हालाही तेच वाटत असणार, की जे पोरगी दिवसरात्र बोलते ते कागदावर लिहायला तिचं काय जातं. तर काय जातं ते सांगते. मेजावर बसलेल्या माणसाकडून आधी काही लिहून घ्यायचं असतं, हे प्रभूला माहीत नव्हतं. पेत्र उजाडायच्या आत तीनदा नाकारणार हे त्याला ठाऊक होतं, आणि तरी त्याने शेवटच्या भोजनात पेत्राच्या हातावर भाकर ठेवली. दगा देणाऱ्याच्याही हातावर ठेवली. त्या दोघांना जे लिहावं लागलं नाही ते मी लिहू? माझं खरं मत मी चौकात उभी राहून सांगेन, फुकट सांगेन. पण त्याच्या बदल्यात तुकडा मिळणार असेल तर मत माझं राहत नाही आणि तुकडा प्रभूचा राहत नाही.

तुमच्या समाधानासाठी सांगते, तिकडेही मी अशीच वागले. लग्नानंतर नांदेडच्या फादरनी मला बसवून समजावलं होतं. फार सौम्य माणूस. म्हणाले, "ताई, दार उघडं आहे. फक्त आत येताना आपण कुणाच्या घरी आलो हे म्हणावं लागतं." मी म्हणाले, फादर, ते म्हटलं तर माझ्या वडिलांचं घर माझं नव्हतंच असं म्हटल्यासारखं होईल. ते म्हणाले, घाई नाही. आणि तेव्हापासून त्यांनी तो विषय काढला नाही. ते मला भोजन देत नाहीत, पण देणार नाही हे त्यांनी आधी, माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं. तुम्ही डोक्यावरून बघितलंत. मला न मिळाल्याचं जेवढं लागलं नाही तेवढं ते बघणं लागलं.

पहिल्या पत्रात मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. तुम्हाला वाटलं असेल पोरीला भांडायची हौस आहे. हौस आहेच, पण ती तुमच्याकडून आलेली. खरं सांगायचं तर रविवारी आनंदराजच्या शेजारी बाकावर बसते, सगळे उठून रांगेने पुढे जातात, आणि मी गुडघे बाजूला वळवून त्यांना वाट देते. दर रविवारी. लहानपणापासून जे घेत आले ते बंद झालं की पोटात कुठे तरी रिकामं लागतं, आणि ते दुसऱ्या कशाने भरत नाही. मागच्या रविवारी आनंदराज उठलाच नाही. माझ्याबरोबर बसून राहिला. सासूबाई वळून वळून बघत होत्या. मी त्याला कोपराने ढोसलं आणि जा म्हणून सांगितलं. माझा उपास मी करीन, तुझा कशाला? तो गेला, पण रुसून गेला.

कागद मागितलात. कागद मिळणार नाही. दुसरं काही विचारा.

राजकन्या


नांदेड, २९ जून २०२५

आप्पा,

आज आनंदराजच्या चर्चमध्ये पेत्र आणि पौल यांचा सण होता. दोघांचा, एकाच दिवशी. मला हे माहीत नव्हतं. फादर म्हणाले, एकाने दुसऱ्याला चारचौघांत खडसावलं, तरी मंडळीने त्यांना एकमेकांपासून तोडलं नाही. मला हे आवडलं, आणि ते कॅथलिक माणसाच्या तोंडून आलं म्हणून न आवडल्यासारखं करणार नाही.

तिथे बसल्या बसल्या माझं मत तयार झालं, तेही ऐका. पेत्र पहिला होता. तुम्ही हे कधी मोकळेपणी कबूल केलं नाहीत, पण शास्त्र उघडलं की दिसतंच. पाण्यावर पाय टाकणारा तो, बुडणारा तो, तू ख्रिस्त आहेस असं म्हणून टाकणारा तो, नाकारणारा तो, आणि बाहेर जाऊन रडणाराही तोच. मला वाटतं त्याचं पहिलेपण ते हेच. जो पुढे आहे त्याने चूकही आधी कबूल करायची, म्हणजे मागच्यांना सोपं जातं. मी हे जेवताना बोलून दाखवलं तर सासूबाई म्हणाल्या, "मंग पोप बी तेच करत असतील की रोज, सकाळच्या पारी." आनंदराज म्हणाला, यानं गादीचं कोडं काही सुटत नाही. नसेल सुटत. आमच्या घरात पोप मानणारी दोन, न मानणारी एक, आणि वरण एकाच पातेल्यात शिजतं.

आता कामाचं. येत्या रविवारी, ६ तारखेला, वाडीत प्रभुभोजन आहे. मी येणार आहे. आनंदराजही येणार आहे. तो भोजन घेणार नाही. त्याच्या चर्चची तशी शिस्त आहे आणि ती तो पाळतो, म्हणून पुरुषांच्या बाजूला मागे बसेल. मी मायजवळ बसेन. लिहून काही आणणार नाही. ताट आलं की हात पुढे करीन. तुम्ही पुढे निघून गेलात तर हात मागे घेणार नाही. शेवटचं गीत होईपर्यंत तसाच ठेवीन, ज्याला बघायचं असेल त्याने बघावं.

अमृतरावांना कळवा. मागच्या वेळी त्यांची खुर्ची न सांगता आली, या वेळी मीच बोलावते आहे. पौलाने जे केलं ते सगळ्यांदेखत केलं, आणि मागून कुजबुजायला तुम्ही मला शिकवलेलं नाही.

भीती मला एकाच गोष्टीची वाटते. तुम्ही पुन्हा माझ्यापुढून गेलात तर राग येईल, तो मी सोसेन. पण त्यानंतर अंत्युखियाचा उपदेश मला तुमच्या तोंडून ऐकवणार नाही. आणि आप्पा, तुमच्या सगळ्या उपदेशांत मला तोच आवडतो.

राजकन्या


नांदेड, १३ जुलै २०२५

आप्पा,

माय फोनवर सगळं सांगते, तेव्हा लपवू नका. कमिटीने तुमच्याकडे खुलासा मागितला आहे, आणि सुटकेची वाट अमृतरावांनीच काढून दिली आहे. तुम्ही एवढंच लिहायचं की त्या रविवारी चक्कर आली, म्हणून खाली बसलात, पुढचं नीट आठवत नाही. मग तुमचं पाळकपण राहील आणि माझं नाव मंडळीतून कमी होईल. माय म्हणते तुम्ही कोरा कागद पुढे घेऊन बसला आहात आणि जेवायलाही उठत नाही.

आठवत नसेल तर मी सांगते. हे पत्र कमिटीपुढे वाचलंत तरी चालेल.

लाईट गेली होती, पंखा बंद होता. अमृतराव खुर्चीत होते. तुम्ही मायला तुकडा दिलात आणि माझ्यापुढे येऊन थांबलात. माझा हात पुढे होता. अमृतराव म्हणाले, "पाळकसाब, फुडं चला." तुम्ही हलला नाहीत. ते पुन्हा म्हणाले, जरा जोरात. तेव्हा तुम्ही भिंतीचा आधार घेतलात, तो दुखरा गुडघा हळूहळू वाकवलात आणि सतरंजीवर माझ्यासमोर मांडी घालून बसलात. ताट आपल्या दोघांच्या मध्ये ठेवलंत. मग म्हणालात, आणि शब्द मी बदलत नाही, "ईस्टरला मी ताटावरून उठलो व्हतो. तूच दे मला अदुगर." आणि तुम्ही हात पुढे केलात.

मी हात पुढे करायची तयारी करून आले होते, द्यायची केली नव्हती. पहिला तुकडा फार मोठा मोडला गेला, तो मी पुन्हा मोडला. तुम्ही थांबलात, घाई केली नाहीत. मी दिलं, मग तुम्ही मला दिलंत. अमृतराव उठून बाहेर गेले, त्यांच्यामागे दोन घरं गेली. लिंबाजी उठला होता, तो इकडेतिकडे बघून पुन्हा बसला. तुम्ही भिंतीला धरून उठलात आणि ताट घेऊन पुढच्या बाईकडे गेलात. परत येताना एसटीत आनंदराजने दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाला, "तुझा बाप थोरला हाय." पोप मानणाऱ्या माणसाच्या तोंडी हा शब्द लहान नाही.

आता यात चक्कर कुठे आहे ते मला दाखवा. मी नर्स आहे, चक्कर आलेला माणूस मला कळतो. त्याला घाम फुटतो, ओठ पांढरे पडतात, आणि तो मांडी घालत नाही, कोसळतो. माझ्या तुकड्याखाली तुमचा तळहात होता. तो जरासुद्धा हलला नाही.

पेत्राने तीनदा नाकारलं. तुमचं ईस्टरला एकदा झालं, माझ्याकडून ओळ लिहून मागितलीत तेव्हा दुसऱ्यांदा. तिसरं आता तुमच्यासमोर कोरं पडलं आहे. माझ्याबद्दल जे खरं होतं तेही मी लिहून दिलं नाही. तुम्ही स्वतःबद्दल खोटं लिहून देणार?

पाळकपण जाईल ही भीती मला कळते. सगळं आयुष्य त्यात गेलं आणि आता दुसरं काही येत नाही, हेही कळतं. मी तुम्हाला दिलासा देत नाही, कारण माझ्याकडे तो नाही. अमृतराव मागे हटतील असं मला वाटत नाही. कदाचित उदगीरच्या पाच बोर्डांनंतर सहावा आपल्या वाडीत लागेल आणि आनंदराजला हसायला आणखी एक कारण मिळेल. हसू दे.

तुम्ही लिहून दिलंत तरी पुढच्या भोजनाला मी येणार. नाव कमी केलं तरी येणार. चर्चला कुलूप घातलं तर पायरीवर बसेन, आणि विचारील त्याला सांगेन की पाळक ग्यानोबा आपल्या लेकीसमोर सतरंजीवर का बसले. तुम्ही नाही म्हणालात तरी सांगेन. तुमच्याविरुद्ध साक्ष द्यायची वेळ आली तर तुमच्या बाजूनेच देईन.

तुम्हाला चक्कर आली नव्हती, आप्पा. उभ्या जन्मात तुम्ही इतके शुद्धीवर कधी नव्हता.

तुमची लेक,
राजकन्या